ठिपके पाठ करू नका, मोजा

दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्या भागात ‘कार्बनी संयुगे’ नावाचा धडा आहे. मिथेन, इथीन, पाणी यांची इलेक्ट्रॉन-ठिपका संरचना काढा, असा प्रश्न त्याच्या स्वाध्यायात आहे. मुलांना तो सोपा वाटतो. मधोमध ‘सी’ लिहायचा, चार बाजूंना चार ‘एच’ लिहायचे, मधल्या प्रत्येक जागेत दोन ठिपके द्यायचे. झाला मिथेन तयार. आकृती जमली की गुण पदरात पडतात आणि परीक्षा संपली की ठिपके डोक्यातून पुसले जातात. चाळिशीतल्या कुणालाही विचारून पाहा. असे काहीतरी काढल्याचे आठवते, पण ते कशासाठी काढत होतो, हे बहुतेकांना सांगता येत नाही.

माझे म्हणणे असे की, शाळेतल्या सगळ्या रसायनशास्त्रात साध्या माणसाच्या सर्वांत उपयोगाचे काही असेल, तर ते हे ठिपके. आणि नेमके तेच आपण चित्रकलेच्या तासासारखे शिकवतो. खरे तर ठिपक्यांची आकृती हा जमाखर्च आहे. पाण्यात टाकायची टीसीएल पावडर, बाथरूममधला गॅस गिझर, नव्या चादरीचा रंग, छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी या सगळ्यांचे गणित त्या जमाखर्चात मांडता येते. सोलापूरकरांना तर त्यासाठी गावाबाहेर जायचीही गरज नाही.

जमाखर्च कसा मांडायचा?

अणूच्या केंद्रकाभोवती इलेक्ट्रॉन कवचाकवचांत असतात. मीठ, पाणी, मिथेन अशा साध्या उदाहरणांपुरते बोलायचे तर आतली कवचे भरलेली असतात आणि ती व्यवहारात पडत नाहीत. देवघेव होते ती सर्वांत बाहेरच्या कवचातल्या इलेक्ट्रॉनांची. त्यांना संयुजा इलेक्ट्रॉन म्हणतात. मूलद्रव्याच्या चिन्हाभोवती जे ठिपके काढतो, ते एवढेच. हायड्रोजनभोवती १, कार्बनभोवती ४, नायट्रोजनभोवती ५, ऑक्सिजनभोवती ६, क्लोरीनभोवती ७. निऑनभोवती ८ असतात आणि त्याला कुणाकडे काही मागायची गरज पडत नाही. बाकीच्यांची धडपड साधारणपणे त्या आठपर्यंत पोहोचण्याची असते. हायड्रोजनचे मात्र दोघांत भागते.

आठपर्यंत जाण्याच्या मुख्य वाटा दोन. एक म्हणजे देऊन टाकणे किंवा घेणे. सोडियमच्या बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन असतो, क्लोरीनला एकच कमी पडतो. सोडियम देतो, क्लोरीन घेतो आणि दोघेही भारित होऊन एकमेकांना धरून राहतात. हे झाले मीठ, हा आयनिक बंध. दुसरी वाट भागीदारीची. पाण्यात ऑक्सिजन आणि हायड्रोजन कुणीच काही देऊन टाकत नाहीत. एकेक इलेक्ट्रॉन मध्ये ठेवतात आणि ती जोडी दोघांच्याही खात्यात धरली जाते. हा सहसंयुज बंध.

या एका ठिपक्याचे मोल किती, ते पाहा. सोडियम हा धातू पाण्यात टाकला तर भडका उडतो. क्लोरीन हा वायू २२ एप्रिल १९१५ रोजी पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर शस्त्र म्हणून सोडला गेला. आणि याच दोघांचे आयन आपल्या रक्तात, घामात, अश्रूंत सुखाने नांदतात. पदार्थ तेच, फक्त एका इलेक्ट्रॉनने घर बदलले. तेव्हा ‘यात सोडियम आहे’ किंवा ‘यात क्लोरीन आहे’ एवढे ऐकून दचकायचे कारण नाही, आणि निर्धास्त व्हायचेही नाही. तो कोणत्या रूपात आहे आणि किती आहे, हे विचारायला हवे. मिठातला सोडियम भडकत नाही, पण जास्त झाला तर रक्तदाब वाढवतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते.

आता पेन्सिल घ्या आणि पाण्याचा रेणू मांडा. पहिली पायरी बेरजेची: ऑक्सिजनचे ६, दोन हायड्रोजनचा एकेक, एकूण ८ ठिपके. दुसरी पायरी जोडणीची: ‘एच : ओ : एच’ असे लिहिले की ४ ठिपके खर्ची पडले. तिसरी पायरी उरलेल्यांची: राहिलेले ४ ठिपके दोन जोड्या करून ऑक्सिजनच्या वर आणि खाली ठेवायचे. शेवटी ताळा करायचा. ऑक्सिजनभोवती आठ झाले का? झाले. प्रत्येक हायड्रोजनजवळ दोन आहेत का? आहेत. एकूण ठिपके सुरुवातीच्या बेरजेएवढे भरले का? भरले. वाण्याच्या वहीतही याहून वेगळे काही नसते.

मुले सर्वांत जास्त चुकतात ती तिसऱ्या पायरीवर. बंधात न गुंतलेल्या, बाजूला बसलेल्या जोड्या काढायचे ती विसरतात. शिक्षक अर्धा गुण कापतात आणि विषय तिथेच संपतो. पण पुढे दिसेल की, या रिकाम्या बसलेल्या जोड्यांनीच कितीतरी मोठे खेळ मांडलेले आहेत.

वर्गातच जन्मलेली आकृती

ही आकृती ज्यांच्या नावाने ओळखली जाते, ते गिल्बर्ट न्यूटन लुईस हे अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ. इलेक्ट्रॉनचा शोध १८९७ मध्ये लागला. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९०२ मध्ये, नवख्या विद्यार्थ्यांना मूलद्रव्यांची आवर्तिता समजावून सांगताना लुईस यांनी घनाकृती अणू काढून त्यांच्या आठ कोपऱ्यांवर इलेक्ट्रॉन बसवले. घनाला कोपरे आठ, म्हणून भरलेले कवच आठांचे. हे टिपण त्यांनी बरीच वर्षे आपल्याजवळच ठेवले. पुढे कॅलिफोर्नियात बर्कली इथे असताना, १९१६ मध्ये, त्यांनी अणू आणि रेणू यांवरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि त्यात दोन अणूंमधला बंध म्हणजे दोघांत सामाईक असलेली इलेक्ट्रॉनांची जोडी, ही कल्पना मांडली. घन मागे पडला, ठिपके राहिले.

यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की, ही आकृती एका शिक्षकाच्या अडचणीतून निघाली. मुलांना कळत नाही, तर कसे दाखवू, या प्रश्नाचे ते उत्तर होते. समजावण्यासाठी निघालेले साधन शंभर वर्षांनी पाठांतराचा विषय व्हावे, ही विज्ञानशिक्षणाची मोठी थट्टा आहे.

टीसीएलचा वास

आता घराकडे या. आषाढी वारीच्या दिवसांत पंढरपुरात आणि पालखी मार्गावरच्या गावांत पाणी शुद्ध ठेवण्याची मोठी धावपळ असते. विहिरी, टाक्या, टँकर यांत टीसीएल पावडर पडते. सोलापूर शहरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे पिंपांत आणि टाक्यांत साठवण आलीच. पाण्याला क्लोरीनचा वास आला की काही जण नाक मुरडतात. ‘औषध टाकलेले पाणी नको’ म्हणत बोअरचे, न तपासलेले पाणी पितात. इथे ठिपके कामाला येतात.

क्लोरीन पाण्यात गेला की त्यातून हायपोक्लोरस आम्ल तयार होते. त्याचा जमाखर्च असा: हायड्रोजनचा १, ऑक्सिजनचे ६, क्लोरीनचे ७, मिळून १४. मध्ये ऑक्सिजन, एका बाजूला हायड्रोजन, दुसऱ्या बाजूला क्लोरीन. कागदावर सगळ्यांचे खाते पूर्ण भरते. पण ऑक्सिजन हा भागीदार जरा हावरा आहे. क्लोरीनबरोबरची सामाईक जोडी तो आपल्याकडे ओढून धरतो. त्यामुळे क्लोरीन मनातून उपाशीच राहतो आणि समोर जे सापडेल त्याच्याकडून इलेक्ट्रॉन हिसकावतो. समोर जिवाणू आला की त्याच्या प्रथिनांतून आणि विकरांतून इलेक्ट्रॉन ओढले जातात आणि जिवाणूचा कारभार ठप्प होतो. इलेक्ट्रॉन मिळाले की क्लोरीन शांत होतो, त्याचा क्लोराइड बनतो. तोच, मिठातला.

विशेष म्हणजे हे हत्यार आपल्या शरीरालाही ठाऊक आहे. रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळल्यावर त्यांना मारण्यासाठी हेच हायपोक्लोरस आम्ल स्वतः तयार करतात.

यावरून व्यवहाराच्या तीन गोष्टी निघतात. पहिली, पाणी गढूळ असेल तर क्लोरीनचे ठिपके गाळाशीच झगडण्यात संपतात, शिवाय नको ती संयुगे तयार होतात. म्हणून आधी तुरटी फिरवून गाळ बसवायचा आणि गाळून मग टीसीएल टाकायची. दुसरी, जंतू मरायला वेळ लागतो. किमान अर्धा तास थांबायला हवे. तिसरी, काम झाल्यावरही पाण्यात थोडा क्लोरीन उरला पाहिजे, कारण पुढच्या पाइपात आणि पिंपात नवे जंतू भेटतात. भारतीय मानकानुसार क्लोरीन टाकलेल्या पिण्याच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरावा लागतो. गावात केली जाणारी ओटी टेस्ट, ज्यात थेंब टाकल्यावर पाणी पिवळसर होते, ती याच उरलेल्या क्लोरीनची. तेव्हा हलका वास हे पहारेकरी जागा असल्याचे लक्षण आहे. पण चार दिवस साठवलेल्या पाण्यात तो पहारेकरी उरत नाही. पिंप झाकून ठेवणे, ओगराळ्याने पाणी घेणे आणि शंका असेल तर उकळून पिणे, याला पर्याय नाही.

हेच रसायन बाथरूममध्ये उलटते. दिवाळीच्या साफसफाईत डाग लवकर निघावा म्हणून काही जण ब्लीच आणि ॲसिड एकत्र ओततात. ब्लीचमधला उपाशी क्लोरीन आणि ॲसिडमधला भरल्या पोटाचा क्लोराइड एकमेकांना भेटतात, इलेक्ट्रॉनांची वाटणी नव्याने होते आणि दोघांचा मिळून क्लोरीन वायू बनतो. तोच, ईप्रचा. डोळे झोंबतात, घसा जळतो, दम लागतो. बंद जागेत जिवावर बेतू शकते. ब्लीच कशातही मिसळायचे नाही. चुकून मिसळलेच तर पाणी ओतत बसू नका, आधी बाहेर पडा, दारे-खिडक्या उघडा आणि दम लागत असेल तर दवाखाना गाठा.

एका जोडीचा घात

गॅस गिझर लावलेल्या बंद बाथरूममध्ये कुणी बेशुद्ध सापडल्याची बातमी महाराष्ट्रात दर हिवाळ्यात कुठून ना कुठून येते. अपुऱ्या हवेत गॅस नीट जळत नाही आणि कार्बन डायऑक्साइडऐवजी कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. दोन्हींत कार्बन आणि ऑक्सिजनच. मग एक आपण प्रत्येक श्वासागणिक बाहेर टाकतो आणि दुसरा जीव घेतो, हे का?

कार्बन डायऑक्साइड मांडा. कार्बनचे ४, दोन ऑक्सिजनचे १२, एकूण १६. दोन्ही बाजूंना दुहेरी बंध काढले की ८ खर्ची पडतात, उरलेले ८ दोन ऑक्सिजनवर चार-चार बसतात. कार्बनवर एकही मोकळी जोडी नाही. त्याने आपले सगळे ठिपके बंधांत गुंतवले आहेत.

आता कार्बन मोनॉक्साइड. कार्बनचे ४, ऑक्सिजनचे ६, एकूण १०. दोघांचे आठ-आठ भरायचे तर मध्ये तिहेरी बंध हवा, म्हणजे ६ ठिपके. उरले ४. दोन ऑक्सिजनवर आणि दोन कार्बनवर. ताळा जुळला. पण या आकृतीत कार्बनवर एक मोकळी जोडी बसलेली आहे, आणि तीच घात करते. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये लोहाचा अणू असतो, तो ऑक्सिजनला धरतो आणि शरीरभर पोहोचवतो. कार्बन मोनॉक्साइड आपली मोकळी जोडी पुढे करून त्याच लोहाला चिकटतो, आणि ऑक्सिजनच्या साधारण दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. रक्त वाहत राहते, पण गाडीत जागा उरलेली नसते.

या वायूला रंग नाही, वास नाही. डोके दुखणे, मळमळ, गरगरणे, गुंगी ही लक्षणे ॲसिडिटीची किंवा थकव्याची समजून सोडून दिली जातात. आणखी एक धोका असा की, करोनापासून अनेक घरांत असलेले बोटाला लावायचे ऑक्सिमीटर इथे फसवते. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनने भरल्यासारखेच दिसते, त्यामुळे माणूस गुदमरत असताना आकडा चांगला येऊ शकतो. आकड्यावर विसंबू नका. माणसाला मोकळ्या हवेत आणा, गिझर बंद करा आणि तातडीने रुग्णालयात न्या. तिथे दिला जाणारा भरपूर ऑक्सिजन हाच मुख्य उपचार असतो. आणि मुळात गॅस गिझर बाथरूमच्या आत लावूच नका.

कच्चा रंग, पक्का रंग

सोलापूरची ओळख चादर आणि टॉवेलची. दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. या गावात सूत रंगवणाऱ्या माणसाला बंध या शब्दाचा अर्थ दहावीच्या पुस्तकापेक्षा चांगला कळतो, फक्त तो त्याला कच्चा रंग आणि पक्का रंग म्हणतो.

सुती धागा म्हणजे सेल्युलोज. त्याच्या लांबलचक साखळीवर जागोजागी ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या लटकलेल्या असतात आणि प्रत्येक ऑक्सिजनवर, पाण्यात पाहिल्या तशाच, दोन मोकळ्या जोड्या. काही रंग धाग्याला नुसते चिकटून बसतात. त्यांची पकड हायड्रोजन बंधासारख्या सैल ओढीवर असते. चार धुण्यांत रंग उतरू लागतो. काही रंग पाण्यात विरघळलेल्या रूपात धाग्यात शिरतात आणि मग न विरघळणाऱ्या रूपात आत अडकून बसतात. व्हॅट रंग या जातीचे, आणि ते चांगले पक्के असतात. तिसरी जात रिॲक्टिव्ह रंगांची. ते १९५६ मध्ये ब्रिटनमधून पहिल्यांदा बाजारात आले. त्यांच्या रेणूत क्लोरीन धरून बसलेला एक कार्बन असतो. क्लोरीन ओढखोर असल्याने तो कार्बन इलेक्ट्रॉनांना भुकेला असतो. सेल्युलोजचा ऑक्सिजन आपली मोकळी जोडी त्याला देतो, क्लोरीन आपली जोडी घेऊन निघून जातो, आणि रंग व धागा सहसंयुज बंधाने जोडले जातात. आता रंग धाग्यावर बसलेला नाही, तो धाग्याचाच भाग झाला आहे.

डाईंगमध्ये मीठ आणि सोडा ॲश का टाकतात, तेही यातून कळते. पाण्यात सुती धागा आणि रंग दोघांवरही ऋणभार असतो, ते एकमेकांना लोटतात. मिठातले सोडियम आयन मध्ये पडून हा दुरावा कमी करतात. सोडा ॲशमुळे पाणी अल्कधर्मी होते, सेल्युलोजचा ऑक्सिजन आपला हायड्रोजन सोडतो आणि जोडी द्यायला मोकळा होतो. मीठ रंगाला दारापर्यंत आणते, लग्न लावते ती सोडा ॲश. म्हणूनच नवी चादर घरी मिठाच्या पाण्यात भिजवल्याने कच्चा रंग पक्का होईल, ही आशा फोल आहे. मीठ असा बंध जुळवू शकत नाही.

पण याला दुसरी बाजू आहे. मोकळ्या जोड्या फक्त सेल्युलोजकडे नाहीत, पाण्याकडेही आहेत. काही रंग धाग्याऐवजी पाण्याशीच बंध करून बसतो आणि मग तो धाग्याशी कधीच जुळत नाही. तो धुऊन काढावा लागतो आणि मिठासकट सांडपाण्यात जातो. रंगीत सांडपाणी हा निष्काळजीपणाचा प्रश्न आहेच, पण त्याचे मूळ ठिपक्यांच्या या स्पर्धेतही आहे. म्हणून प्रक्रिया केल्याशिवाय ते पाणी सोडायचे नाही, हा नियम गिऱ्हाइकाला आणि कारखानदाराला दोघांनाही कळायला हवा. पक्का रंग हवा असेल, तर त्याची ही किंमतही आपणच मोजली पाहिजे.

जिथे ताळा जुळत नाही

एवढे ऐकल्यावर कुणी म्हणेल, पुढे महाविद्यालयात गेल्यावर हे सगळे बदलते. इलेक्ट्रॉन म्हणजे ठिपके नसतातच, मग मुलांच्या माथी जुने चित्र कशाला मारायचे? आक्षेपात तथ्य आहे. इलेक्ट्रॉन ठिपक्यासारखा एका जागी बसत नाही. नायट्रोजन वायूचा रेणू मांडला तर कार्बन मोनॉक्साइडसारखीच आकृती येते: १० ठिपके, तिहेरी बंध, दोन्हीकडे एकेक मोकळी जोडी. तरी नायट्रोजन हवेचा ७८ टक्के भाग असून आपल्याला काही करत नाही. ठिपके संख्या सांगतात. जोडी किती पुढे सरकलेली आहे, ती कुणाला सहज देता येईल, हे सांगत नाहीत. ऑक्सिजनच्या आकृतीत सगळे ठिपके जोडीने बसतात, पण द्रवरूप ऑक्सिजन चुंबकाकडे ओढला जातो, म्हणजे त्यात दोन इलेक्ट्रॉन एकटे आहेत. गंधक आणि फॉस्फरस काही संयुगांत आठची मर्यादाही ओलांडतात. लुईस यांना अपवाद ठाऊक होते; आठपेक्षा जोडी हीच अधिक मूलभूत, असे त्यांनी पुढे आग्रहाने मांडले.

पण नियम मोडतो तिथेही मोजणाऱ्यालाच काहीतरी गवसते. नायट्रिक ऑक्साइड घ्या. नायट्रोजनचे ५, ऑक्सिजनचे ६, एकूण ११. विषम संख्या. कितीही खटपट केली तरी एक ठिपका एकटा उरतो. असा एकटा इलेक्ट्रॉन असलेल्या रेणूला मुक्त मूलक म्हणतात. हा वायू धुरातून येतो म्हणून प्रदूषक मानला जात होता. पुढे कळले की, आपल्या रक्तवाहिन्यांचे अस्तरच तो तयार करते आणि त्याने रक्तवाहिन्या सैल होतात. या शोधासाठी १९९८ चे वैद्यकाचे नोबेल रॉबर्ट फर्चगॉट, लुईस इग्नारो आणि फेरिड मुराद यांना मिळाले. हृदयरोग्याला डॉक्टरांनी दिलेली जिभेखालची नायट्रेटची गोळी शरीरात हाच वायू सोडते. डायनामाइटमधले नायट्रोग्लिसरीन याच जातीचे, आणि आल्फ्रेड नोबेल यांनाही उतारवयात हृदयविकारासाठी तेच औषध सांगितले गेले होते.

म्हणजे मुक्त मूलक म्हटला की तो वाईटच, असे नाही. अँटिऑक्सिडंट गोळ्यांच्या जाहिराती मात्र तसेच भासवतात. फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना बीटा कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या दिल्या, त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढलेला आढळला. आपल्या जिल्ह्यातले डाळिंब जरूर खावे, ते चांगले फळ आहे. पण ‘मूलकांचा नायनाट’ असे लिहिलेली महागडी बाटली घेण्याआधी नायट्रिक ऑक्साइडचा तो एकटा ठिपका आठवावा.

शहराचा नकाशाही खरे शहर नसतो. त्यात उन्हाळा नाही, गर्दी नाही, रस्त्यावरचे खड्डे नाहीत. तरी नव्या माणसाला स्टेशनवरून सिद्धेश्वर मंदिरात न्यायला तो पुरतो. ठिपक्यांची आकृती असा नकाशा आहे. तो कुठपर्यंत चालतो हे सांगून हातात द्यावा. तो अपुरा आहे म्हणून फाडून टाकू नये.

मग काय करावे?

खर्चाच्या योजनांची गरज नाही. पहिली गोष्ट प्रश्नपत्रिकेची. ‘संरचना काढा’ एवढाच प्रश्न विचारला की पाठांतराला बक्षीस मिळते. त्याऐवजी एक चुकीची आकृती द्या आणि चूक कुठे आहे ते विचारा. किंवा कार्बन मोनॉक्साइड आणि डायऑक्साइड दोन्ही मांडायला सांगा आणि फरक एका वाक्यात लिहायला सांगा. गुण तेवढेच ठेवा, पण ताळा करणाऱ्याला द्या.

दुसरी गोष्ट वर्गाची. फळ्यावर काढण्याआधी मुलांच्या हातात दाणे द्या. ऑक्सिजनसाठी तुरीचे, हायड्रोजनसाठी ज्वारीचे. मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या जिल्ह्यात दाण्यांना तोटा नाही. बाकावर दाणे मांडताना बेरीज चुकली तर दाणा हातात उरतो आणि चूक आपोआप कळते. कागदावर ती लपते. एवढे मात्र सांगावे की प्रत्यक्षात इलेक्ट्रॉनवर तुरीचा किंवा ज्वारीचा शिक्का नसतो, जोडीत गेल्यावर कुणाचा कोणता हे ओळखता येत नाही.

तिसरी गोष्ट गावाची. केगाव परिसरातल्या सोलापूर विज्ञान केंद्रात सहली जातात, ते चांगलेच आहे. तशीच एक सहल डाईंगमध्ये आणि जलशुद्धीकरण केंद्रात जावी. सोडा ॲश टाकण्याआधी आणि टाकल्यानंतर धागा धुऊन दाखवला, तर सहसंयुज बंध ही काय चीज आहे, हे मूल जन्मभर विसरणार नाही. चादर विणणाऱ्या घरातल्या मुलाला त्या दिवशी कळेल की, आपल्या आई-वडिलांचे काम आणि आपले पुस्तक एकाच विषयाचे आहे.

आणि मोठ्यांसाठी? मुलगा किंवा मुलगी दहावीचा अभ्यास करत असेल, तर एका संध्याकाळी शेजारी बसा आणि म्हणा, मला पाणी मांडून दाखव. मग हायपोक्लोरस आम्ल, मग कार्बन मोनॉक्साइड. चित्र बरोबर आले की थांबू नका. उरलेली जोडी कुठे बसली आणि ती काय करते, ते विचारा. बाथरूममधल्या गिझरची जागा बदलायला आणि ब्लीचची बाटली ॲसिडपासून दूर ठेवायला तेवढा अभ्यास पुरेसा आहे.